मापात पाप आणि सूक्ष्मतरंगांच्या पायऱ्या

लातूरचा मोंढा असो की नांदेडचा नवा मोंढा, आडतीवर कट्टा काट्यावर चढला की शेतकरी, हमाल, मापाडी, आडत्याचा मुनीम, सगळ्यांचे डोळे एकाच ठिकाणी लागतात. काट्यावरच्या लाल आकड्यांवर. तो आकडा जे म्हणेल ते पट्टीवर चढणार आणि पट्टीवर चढेल ते घरी जाणार. कापूस वेचणाऱ्या आमच्या माता-भगिनींचेही तसेच. दिवसभर वाकून वेचलेल्या कापसाचे गाठोडे संध्याकाळी काट्याला लागते आणि मजुरी किलोवर ठरते. समजा एखादीने दिवसात ४० किलो कापूस वेचला आणि काटा किलोमागे अवघे २५ ग्रॅम कमी दाखवत असला, तर तिचा १ किलो कापूस रोज फुकट गेला. तिला ते कळतही नाही. २५ ग्रॅम हाताला जाणवत नाहीत.

म्हणून आज आम्ही वाचकांना एक साधा प्रश्न विचारणार आहोत. किलो म्हणजे किती, हे ठरवतो कोण? काटा बरोबर की चूक हे दुसऱ्या वजनाने ठरते, ते वजन तिसऱ्याने, तिसरे चौथ्याने. ही साखळी शेवटी कुठे जाऊन थांबते? या प्रश्नाचे उत्तर आपल्याला उणे २६९ अंश थंडीतल्या एका चिमुकल्या सांध्यापर्यंत आणि त्या सांध्यावर सोडलेल्या सूक्ष्मतरंगांपर्यंत घेऊन जाते. विषय भौतिकशास्त्रातला आहे, पण घाबरण्याचे कारण नाही. दहावीला विज्ञान शिकणाऱ्या मुला-मुलींना जवळ बसवून वाचावा.

जुन्या माणसांना विचारून पाहा. पायली, अधुली, शेर, चिपटे ही मापे गावोगाव होती, पण या गावची पायली त्या गावच्या पायलीशी जुळेलच असे नव्हते. सालगड्याला धान्य मापून देताना माप सपाट आणि त्याच्याकडून वसूल करताना शीग लावून, अशी तक्रार थोरामोठ्यांच्या तोंडून कुणी ऐकली नसेल? माप धनिकाच्या ओसरीवर, मापणारा हात त्याचा, हिशेबाची वही त्याची. ज्याच्या घरात माप, त्याचाच न्याय. १९५६ साली देशात मेट्रिक वजने-मापांचा कायदा झाला, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि ग्रॅम आले, आणि निदान कागदावर तरी सगळ्या देशाचे वजन एक झाले. आमच्या मते या कायद्याचे मोल आपल्याकडे पुरेसे कुणी सांगितलेले नाही. मजुराच्या बाजूने उभे राहिलेल्या कायद्यांत त्याचीही गणना व्हायला हवी.

पण किलो ठरवला कशावरून? फ्रान्समध्ये पॅरिसजवळ सेव्र नावाचे गाव आहे. तिथे प्लॅटिनम आणि इरिडियम या धातूंच्या मिश्रणाचा एक लहानसा ठोकळा काचेच्या घुमटांखाली, कुलपात ठेवलेला आहे. १८८९ पासून २०१९ पर्यंत, म्हणजे १३० वर्षे, तो ठोकळा म्हणजेच किलो. त्याच्या प्रती वेगवेगळ्या देशांना दिल्या गेल्या. भारताच्या वाट्याला आलेली ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. तिच्यावरून पुढे संदर्भ मानके, त्यांवरून दुय्यम मानके, त्यांवरून वैध मापन शास्त्र विभागाच्या निरीक्षकाकडची कामकाजाची वजने, आणि त्यांवरून आपल्या दुकानदाराचा काटा.

आता गंमत पाहा. सुमारे शंभर वर्षांनी मूळ ठोकळा आणि त्याच्या प्रती एकमेकांशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्यांच्यात सरासरी ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास फरक पडलेला दिसला. बोटाचा ठसा उमटला तर जेवढे वजन चिकटते तेवढाच हा फरक. मोंढ्यात त्याने काही बिघडत नाही. पण प्रश्न तत्त्वाचा होता. प्रती जड झाल्या की मूळ ठोकळा हलका झाला? सांगायला मार्गच नाही, कारण किलोची व्याख्याच तो ठोकळा! तो झिजला तरी तो १ किलोच आणि बाकी सारे जग जड. ओसरीवरच्या पायलीसारखीच ही गोष्ट. माप एका घरात ठेवलेले, आणि ते चुकले तर त्याला चूक म्हणण्याची सोय नाही.

डबीतला व्होल्ट

विजेच्या दाबाचे माप म्हणजे व्होल्ट. त्याचीही हीच अवस्था होती. व्होल्टचा इथे काय संबंध, असे वाचकांना वाटेल. संबंध दुहेरी आहे. एक तर आजचा इलेक्ट्रॉनिक काटा मुळात वजन मोजतच नाही, तो व्होल्ट मोजतो. काट्याच्या पोटात लोडसेल नावाचा धातूचा तुकडा असतो. वजन ठेवले की तो डोळ्यांना न दिसेल इतका वाकतो, त्याच्यावर चिकटवलेल्या बारीक तारांचा विरोध बदलतो आणि काही मिलिव्होल्टचा दाब तयार होतो. तो दाब मोजून आतली चकती त्याचे किलो करते. दुसरा संबंध याहून खोल आहे. तो पुढे येईल.

पूर्वी व्होल्ट एका काचेच्या नळीत सांभाळत. एडवर्ड वेस्टन यांनी १८९३ साली पारा आणि कॅडमियम वापरून एक विद्युतघट तयार केला. त्याचा दाब सुमारे १.०१८ व्होल्ट असे. विसाव्या शतकात बराच काळ देशोदेशींच्या प्रयोगशाळा असे घट तेलाच्या कुंडात एकसारख्या उष्णतेवर ठेवून जपत. जपत म्हणजे अक्षरशः तान्ह्या लेकरासारखे. उष्णता १ अंशाने वाढली की दाब सुमारे ४० मायक्रोव्होल्टनी उतरे. प्रवासात धक्का बसला की घट बिथरे, मग कित्येक दिवस त्याला स्वस्थ ठेवावे लागे. वर्षानुवर्षे दाब हळूहळू सरकत जाई तो वेगळाच. अमेरिकेचा व्होल्ट वेगळा, रशियाचा वेगळा, इंग्लंडचा वेगळा. फरक दशलक्षात काही भागांचा, पण होता. गावोगावच्या पायल्यांचाच हा प्रकार, फक्त काचेच्या नळीत.

बावीस वर्षांचा विद्यार्थी

आता मुख्य गोष्टीकडे वळू. आपल्या घरातल्या तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारेतून वीज वाहते तेव्हा तार थोडी तापते, कारण इलेक्ट्रॉन वाटेत अडखळतात. १९११ साली हॉलंडमधील लायडन येथे हाइके कामरलिंग ओनेस यांनी पारा द्रवरूप हेलियमच्या थंडीत नेला आणि उणे २६९ अंशांच्या आसपास त्याचा विरोध एकदम नाहीसाच झाला. कमी झाला असे नव्हे, नाहीसा झाला. या अवस्थेला अतिसंवाहकता म्हणतात. ज्यांच्या घरातील कुणाचा एमआरआय झाला असेल त्यांनी अतिसंवाहक जवळून पाहिला आहे. त्या मोठ्या बोगद्यासारख्या यंत्राच्या आत अतिसंवाहक तारेचे वेटोळे द्रव हेलियमने थंड ठेवलेले असते. एकदा भरलेला प्रवाह त्यात वर्षानुवर्षे आपोआप फिरत राहतो.

असे का होते याचा उलगडा व्हायला १९५७ साल उजाडले. अमेरिकेतील बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी दाखवून दिले की अतिथंड धातूत इलेक्ट्रॉन सुटे राहत नाहीत, त्यांच्या जोड्या जमतात, आणि या सगळ्या जोड्या मिळून एकाच तालात चालतात. हजारो माणसे एका पावलाने चालावीत तशा. मग अडखळणार कोण?

यानंतर आला ब्रायन जोसेफसन. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात तो संशोधन करणारा विद्यार्थी होता. वय वर्षे २२. त्याने एक प्रश्न घेतला. दोन अतिसंवाहकांच्या मध्ये वीज न वाहणारा एक अतिपातळ पापुद्रा ठेवला, एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या एक-दोन भागांइतका पातळ, तर काय होईल? सुटे इलेक्ट्रॉन असा पापुद्रा थोडेफार ओलांडतात हे तोवर माहीत झाले होते. जोसेफसन गणित करून म्हणाला की इलेक्ट्रॉनांच्या जोड्यासुद्धा पापुद्र्यापलीकडे जातील आणि दाब शून्य असतानाही प्रवाह वाहील. दाब दिला तर प्रवाह मागे-पुढे हेलकावे खाऊ लागेल, आणि हे हेलकावे सेकंदाला किती, हे त्या दाबावरूनच ठरेल. १९६२ साली हे छापून आले.

विरोध कुणी केला? जॉन बार्डीन यांनी. ट्रान्झिस्टरबद्दल १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळालेले, अतिसंवाहकतेचा उलगडा करणारे, या विषयातले सर्वांत मोठे नाव. जोड्या असा पापुद्रा ओलांडू शकत नाहीत, असे त्यांनी लिहून प्रसिद्ध केले. त्याच वर्षी लंडनच्या परिषदेत हा विद्यार्थी आणि हे आचार्य समोरासमोर उभे राहिले. आम्हांला या प्रसंगाचे फार अप्रूप वाटते. नाव मोठे म्हणून गणित खरे ठरत नाही आणि वय लहान म्हणून खोटे ठरत नाही. निवाडा दोघांपैकी कुणाच्याही हातात नव्हता, तो सांध्याच्या हातात होता. १९६३ साली अमेरिकेत फिलिप अँडरसन आणि जॉन रोवेल यांनी प्रयोगाने दाखवले की शून्य दाबावर प्रवाह खरोखरच वाहतो. असा प्रवाह आधीही काही जणांना दिसलेला होता, पण पापुद्र्याला भोक पडून शॉर्ट झाले असेल असे समजून त्यांनी तो सोडून दिला होता! जोसेफसनला १९७३ साली नोबेल मिळाले. बार्डीन यांनीही नंतर आपला विरोध मागे घेतला, हेही नोंदवले पाहिजे.

ढोलाचा ठेका

या सांध्यावर सूक्ष्मतरंग सोडले तर? मोबाईलच्या टॉवरमधून, रडारमधून, मायक्रोवेव्ह ओव्हनमधून निघतात त्याच जातीचे हे तरंग. ओव्हनमधला तरंग सेकंदाला सुमारे २ अब्ज ४५ कोटी वेळा कंप पावतो. या संख्येला कंप्रता म्हणतात. १९६३ साली अमेरिकेतच सिडनी शापिरो यांनी ॲल्युमिनियम आणि कथिल यांच्या सांध्यावर सेकंदाला सुमारे ९ अब्ज ३० कोटी कंपनांचे तरंग सोडले आणि प्रवाह वाढवत दाब मोजला. दाब सरळ उतारासारखा वाढत जायला हवा होता. तो पायऱ्यांनी वाढला. प्रवाह थोडा वाढवा, दाब तिथेच. आणखी वाढवा, तरी तिथेच. मग एकदम वरच्या पायरीवर उडी. पुन्हा सपाटी, पुन्हा उडी. प्रत्येक पायरीची उंची सारखी, सुमारे १९ मायक्रोव्होल्ट.

असे का होते ते सांगण्यासाठी १४ एप्रिलच्या मिरवणुकीतले लेझीम पथक डोळ्यांपुढे आणा. ढोल वाजतो आहे, पोरे ठेक्यावर पाऊल टाकत आहेत. मागून गर्दीचा रेटा थोडा वाढला म्हणून पाऊल लगेच बिघडत नाही. ठेका त्यांना धरून ठेवतो. रेटा फारच वाढला तर मात्र एका ठोक्याला एका पावलाऐवजी दोन पावले पडू लागतात, पण तीही ठेक्यातच. एका ठोक्याला दीड पाऊल असे होत नाही. सांध्यातला हेलकावा म्हणजे लेझीम, बाहेरचे सूक्ष्मतरंग म्हणजे ढोल आणि प्रवाह म्हणजे मागचा रेटा. हेलकावा तरंगांच्या ठेक्याला बांधला जातो. हेलकाव्याचा वेग दाबावरून ठरतो, म्हणून वेग बांधला गेला की दाबही बांधला जातो. ही झाली पायरी.

पायरीची उंची किती? हिशेब विलक्षण सोपा आहे. दर मायक्रोव्होल्टला सेकंदाला सुमारे ४८ कोटी ३६ लाख कंपने. ओव्हनच्या कंप्रतेचे तरंग घेतले तर एक पायरी सुमारे ५ मायक्रोव्होल्टची, सेकंदाला ७० अब्ज कंपनांचे घेतले तर सुमारे १४५ मायक्रोव्होल्टची. आणि तो ४८ कोटींचा आकडा येतो कुठून? निसर्गातल्या दोनच राशींतून. एक इलेक्ट्रॉनचा विद्युतभार आणि दुसरा प्लांकचा स्थिरांक. बाकी कशाचा संबंध नाही. सांधा कथिलाचा की शिशाचा, मोठा की लहान, कोणत्या कारखान्यात केलेला, कोणत्या देशात ठेवलेला, काही फरक पडत नाही.

हे खरे आहे का, असा संशय घेणे हेच विज्ञानाचे काम. १९६८ साली अमेरिकेतील बर्कले येथे जॉन क्लार्क यांनी शिसे, कथिल आणि इंडियम या तीन वेगळ्या धातूंचे सांधे घेऊन त्यांच्या पायऱ्या ताडल्या. दहा कोटी भागांत एका भागापर्यंत फरक दिसला नाही. १९८३ साली दुसऱ्या एका प्रयोगात ही पारख आणखी कित्येक कोटी पटींनी काटेकोर झाली, तरीही फरक सापडला नाही. धातूची जात कोणतीही असो, पायरी तीच.

याच जॉन क्लार्क यांचे नाव वाचकांनी अलीकडे वर्तमानपत्रात पाहिले असेल. २०२५ चे भौतिकशास्त्राचे नोबेल क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस या तिघांना मिळाले. काम होते १९८४ आणि १९८५ चे, तेही अशाच सांध्यावर सूक्ष्मतरंग सोडून केलेले. अणूला जशी ऊर्जेची ठरावीक पातळी असते, तशी ती अब्जावधी इलेक्ट्रॉन असलेल्या सांध्यालाही असते हे त्यांनी दाखवले. योग्य कंप्रतेचा तरंग पडला तरच सांधा वरच्या पातळीवर चढतो. आज पुंज संगणकाची एक मोठी शाखा याच पायावर उभी आहे. आपल्या राज्यातही हे काम चालते. मुंबईच्या कुलाब्यातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. विजयराघवन यांचा गट असे सांधे तयार करून सूक्ष्मतरंगांनी त्यांना हाताळतो. त्यांची पीएच.डी. देव्होरे यांच्याच प्रयोगशाळेतली. २०२४ साली या संस्थेने आणि संरक्षण संशोधन संस्थेच्या पुण्यातील प्रयोगशाळेने मिळून सहा क्यूबिटांचा पुंज प्रक्रियक तपासून दाखवला. तिथली थंडी तर हेलियमच्याही खाली, निरपेक्ष शून्याच्या अगदी उंबरठ्यावर. लातूरच्या शिकवणी वर्गांत बसलेल्या हजारो पोरांना डॉक्टर आणि इंजिनिअर या दोनच वाटा दाखवल्या जातात याचे आम्हांला वाईट वाटते. बी.एस्सी. भौतिकशास्त्र करून एखादी मुलगी अशा प्रयोगशाळेपर्यंत जाऊ शकते, ही माहिती तरी घरात असू द्यावी.

असो. पुन्हा व्होल्टकडे. एक पायरी फारच लहान, म्हणून नायोबियम धातूचे हजारो सांधे एका चकतीवर ओळीने जोडण्याची युक्ती निघाली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस चौदा ते वीस हजार सांध्यांची ओळ करून पूर्ण १० व्होल्ट मिळू लागले. सूक्ष्मतरंगांची कंप्रता आणि पायरीचा क्रमांक कळला की व्होल्ट कळला. आणि कंप्रता म्हणजे सेकंदातली कंपने मोजणे. अणुघड्याळामुळे जगात सर्वांत अचूक मोजता येणारी गोष्ट तीच. १ जानेवारी १९९० पासून सगळ्या देशांनी त्या स्थिरांकाचा एकच आकडा मान्य केला. त्या दिवशी अमेरिकेला आपला व्होल्ट दशलक्षात सुमारे ९ भागांनी दुरुस्त करून घ्यावा लागला! महासत्ता असली म्हणून तिची पायली चालली नाही. भारतातही दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत व्होल्टचे राष्ट्रीय मानक आज जोसेफसन सांध्यांवरच आहे.

किलोचा नवा आधार

आता तो दुसरा, खोल संबंध. इंग्लंडच्या ब्रायन किबल यांनी १९७५ साली एका वेगळ्याच तराजूची कल्पना मांडली. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला चुंबकात लोंबणारे तारेचे वेटोळे. वेटोळ्यात वीज सोडून वजन तोलायचे. मग वजन काढून तेच वेटोळे चुंबकात ठरावीक वेगाने हलवायचे आणि त्यात उमटणारा दाब मोजायचा. दोन्ही मोजमापे एकत्र केली की चुंबक किती जोराचा, वेटोळे किती मोठे, या भानगडी हिशेबातून गळून पडतात आणि किलो थेट विजेच्या मापांत सांगता येतो. ही विजेची मापे घ्यायची कशावर? जोसेफसनच्या पायऱ्यांवर. सोबत विद्युतविरोधासाठी क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांनी १९८० साली शोधलेला असाच एक पुंज परिणाम असतो. किलो ठरवण्याचा आणखी एक मार्ग आहे, शुद्ध सिलिकॉनच्या गोळ्यातले अणू मोजण्याचा. दोन्ही मार्गांची उत्तरे जुळली तेव्हाच जगाने निर्णय घेतला.

१६ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हर्साय येथे मतदान झाले आणि २० मे २०१९ पासून सेव्रचा ठोकळा किलोच्या गादीवरून उतरला. त्याच दिवशी प्लांकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा भार यांचे आकडे कायमचे पक्के केले गेले, त्यामुळे व्होल्टही त्यांच्यावरच बसला. दिल्लीतली ५७ क्रमांकाची प्रत कुणी फेकून दिलेली नाही. पण ती किती किलोची हे आता एका कुलूपबंद ठोकळ्यावरून ठरत नाही. ज्याच्याकडे साधने आहेत तो देश, ती संस्था स्वतः प्रयोग करून किलो पडताळू शकते. परवानगी लागत नाही, पॅरिसला जावे लागत नाही. रेशन दुकानातून माणशी ५ किलो धान्य घेऊन येणाऱ्या बाईच्या पिशवीतला किलो त्याच स्थिरांकांवर उभा आहे.

दिल्ली ते मोंढा

पण वाचकहो, सांधा दिल्लीत आणि काटा मोंढ्यात. मधल्या वाटेवर माणसे आहेत. वरच्या टोकाला अब्जांत एक भागाची चूक सहन होत नाही आणि खालच्या टोकाला किलोमागे २५ ग्रॅम सहज गायब होतात. उसाच्या काट्यावरची काटामारी हा शब्द लातूर भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. यावर विज्ञानाकडे उपाय नाही. उपाय कायद्यात आहे, पण तो मागावा लागतो. आमचे वाचक तो क्वचितच मागतात, म्हणून थोडे तपशिलाने लिहितो.

वैध मापन शास्त्र अधिनियम २००९ चा, अमलात आला १ एप्रिल २०११ पासून. व्यापारात वापरल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दर १२ महिन्यांनी फेरपडताळणी करून घेणे दुकानदारावर, आडत्यावर, कारखान्यावर बंधनकारक आहे. पडताळणी झाली की काट्याला तारेने सील लागते आणि त्यावर शिक्का उमटतो. शिक्क्यात वर्ष असते आणि तिमाहीचे अक्षर असते. जानेवारी ते मार्च ए, पुढे बी, सी, डी. वर्ष जुने झाले असेल, सील तुटलेले असेल, तर तो काटा वापरण्याजोगा नाही. पडताळणीचे प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावलेले असावे लागते. ते कुठे आहे, असे विचारण्यात भांडण नाही.

काट्याजवळ उभे राहिल्यावर पहिले काम, रिकाम्या पाटावर आकडा शून्य आहे का ते पाहणे. कापसाचे गाठोडे मोजताना फडक्याचे वजन वजा होते, ते एकदा फडके वेगळे ठेवून मोजून घ्यावे, अंदाजाने वजा करू देऊ नये. काटा सपाट जागी हवा, पाटाला भिंत किंवा पोत्याची कड टेकलेली नको. घरून मिठाची १ किलोची न फोडलेली पुडी नेऊन ठेवली तर आकडा १ किलोच्या थोडा वर, वेष्टनाच्या वजनाइतका, दिसायला हवा. ९७५ दिसले तर समजून जावे. चार जणींनी मिळून विचारले तर मुकादम ऐकतो, एकटीने विचारले तर उद्या काम नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून चार जणींनी मिळूनच विचारावे. जिल्ह्याच्या वैध मापन शास्त्र कार्यालयाकडे लेखी तक्रार करता येते. ग्राहकांसाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांकही आहे.

घरातल्या वीज मीटरलाही हेच लागू. मीटर म्हणजे दाब, प्रवाह आणि वेळ यांचा गुणाकार करणारे यंत्र. घरगुती वापराचे मीटर सहसा शेकडा एक भागाच्या अचूकतेचे असतात. ते तपासणाऱ्या प्रयोगशाळेचे मानक मीटर वरवर ताडत गेले की शेवटी दिल्लीतल्या त्याच सांध्यांपाशी पोचतात. बिल अचानक दुप्पट आले आणि घरात नवीन काही लावलेले नाही, तर आधी घरातली सगळी बटणे बंद करून मीटर तरीही पुढे सरकते का ते पाहावे. सरकत असेल तर घरातल्या वायरिंगमध्ये गळती आहे का हे वायरमनकडून तपासून घ्यावे. वायरिंग ठीक निघाली, तर मीटर तपासणीची मागणी वीज कंपनीच्या स्थानिक कार्यालयात लेखी करता येते. तिला शुल्क पडते. अर्जावर मीटरचा क्रमांक आणि त्या दिवसाचे रीडिंग लिहावे, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.